विंध्यगिरीच्या पायऱ्या आणि आपले गुडघे

श्रवणबेळगोळ गावाच्या मध्यभागी कल्याणी तलाव आहे. त्याच्या एका बाजूस चंद्रगिरी, तर दुसऱ्या बाजूस विंध्यगिरी. विंध्यगिरीच्या माथ्यावर, दहाव्या शतकात गंग राज्याचे मंत्री चामुंडराय यांनी घडविलेली भगवान बाहुबलींची सुमारे ५७ फुटांची अखंड पाषाणमूर्ती कायोत्सर्ग मुद्रेत उभी आहे. मूर्तीच्या पायथ्याशी कोरलेल्या मराठी लेखाची गणना आपल्या भाषेच्या अतिप्राचीन शिलालेखांत होते. मात्र त्या चरणांपर्यंत पोहोचायचे तर खडकात खोदलेल्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या अनवाणी चढाव्या लागतात.

या पायऱ्यांवर कठड्याला धरून थांबत थांबत जाणारे ज्येष्ठ श्रावक-श्राविका नेहमी दिसतात. श्रद्धा अढळ असते, गुडघे मात्र साथ देत नाहीत. त्यातही चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचते, कारण उतरताना गुडघ्यावरील ताण वाढतो. म्हणून चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. उन्हाने खडक तापण्यापूर्वी, पहाटेच निघावे. पायमोजे घातल्यास चटके बसत नाहीत.

तथापि खरा उपचार पायथ्याशी नव्हे, यात्रेच्या तीन-चार महिने आधी घरीच सुरू व्हावा लागतो. वयोमानाने झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आज उपलब्ध नाही. परंतु मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून काही क्षण धरणे, हा साधा व्यायाम दुकानाच्या गादीवरून उठूनही करता येतो. वजन थोडे उतरले तरी प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार त्याच्या कितीतरी पटीने हलका होतो.

वेदनाशामक मलम बहुधा गोळीपेक्षा सुरक्षित असते. या गोळ्या उपवासात रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला इजा होऊ शकते, पाणीही वर्ज्य असेल तर मूत्रपिंडालाही. म्हणून व्रताचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. सांध्यांसाठी विकले जाणारे ग्लुकोसामाइन बहुधा खेकडे-कोळंबीच्या कवचापासून बनते आणि त्याचा लाभही निश्चित सिद्ध झालेला नाही. आपण तरी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने मिळणारा आराम तात्पुरता असतो. घरातले चालणे आणि रात्रीची झोपही हिरावली गेली, तर सांधारोपणाचा विचार टाळण्यात अर्थ नाही. मात्र दोन्ही हातांची बोटे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकत असेल, तर तो रूमॅटॉइड संधिवात असू शकतो. त्याची औषधे वेगळी असतात आणि ती लवकर सुरू व्हावी लागतात.

एवढे करूनही ज्यांना चढवत नाही, त्यांच्यासाठी डोली आहे. 'दुसऱ्याच्या खांद्यावरून कसले दर्शन?' असे म्हणून अनेक वृद्ध खालीच थांबतात किंवा यात्राच सोडून देतात. माझ्या मते डोलीने पुण्यात उणेपणा येत नाही. वाहणाऱ्याला योग्य मोबदला द्यावा आणि त्याच्याशी आदराने वागावे. चंद्रगिरीच्या पायऱ्या त्या मानाने थोड्या आहेत आणि तेथून समोरच्या माथ्यावरील मूर्तीचा वरचा भाग दिसतो. घरातील तरुणांनी आजी-आजोबांना 'जमेल का?' असे विचारत बसू नये. डोली आधी ठरवून मगच त्यांना यात्रेची तारीख सांगावी.