बिननावाच्या ओव्या

हार्ड डिस्क मरताना सहसा आरडाओरड करत नाही. संगणकाला जोडली की पडद्यावर एक चौकोन येतो : ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? इतक्या साळसूदपणे विचारलेला इतका घातकी प्रश्न दुसरा नसेल. आमच्या घरच्या डिस्कनं तो ऐन मे महिन्यात विचारला. परभणीच्या त्या दिवसांत भिंतीसुद्धा तापतात आणि वीज लहर लागेल तशी येते-जाते. डिस्कवर काही लिहिणं चालू असताना वीज गेली, तर फायलींची नोंद अर्धवट राहू शकते.

स्टेशन रोडवरच्या संगणक दुरुस्तीच्या गाळ्यातल्या पोरानं डिस्क जोडून आधी कानाशी धरली. टकटक ऐकू आली असती तर आतली वाचणारी सुईच बिघडली, असं धरायचं. मग इथं कुणी हात लावायचा नाही. पुण्या-मुंबईच्या धूळ नसलेल्या खोलीतच ती उघडायची. आमची टकटकत नव्हती.

"शेत जागेवरच हाय," तो म्हणाला, "सातबारा फाटलाय. फक्त आता त्यात नवं काही पेरू नका."

कुठली फाईल डिस्कवर कुठं आहे, याचा तक्ता बिघडला होता. फायली होत्या तिथंच होत्या. नवीन काही लिहिलं असतं तरच त्या खरोखर पुसल्या गेल्या असत्या. म्हणून त्यानं आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली, मूळ डिस्क बाजूला ठेवली आणि नकलेवर फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सोडलं. ते तक्त्याकडे बघतच नाही. डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत जातं आणि फाईल तिच्या सुरुवातीच्या खुणेवरून ओळखतं. जेपीईजी फोटो असेल तर आरंभी एफएफ, डी८, एफएफ हे आकडे असतातच.

सकाळी फोल्डर भरून फायली परत आल्या होत्या. नावं मात्र गेली होती. 'दादाचं लग्न', 'गंगाखेड', 'आजी' यांच्या जागी एफ०४८२१७६ अशी अक्षर-आकड्यांची रांग. फोटोंचं निभावलं, कारण कॅमेरा तारीख-वेळ फोटोच्या पोटातच लिहून ठेवतो. अडलं ते आवाजापाशी.

ते आवाज म्हणजे आमच्या घरातल्या, भावकीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या. जातं कधीच परसात गेलेलं, दळण गिरणीत. आजी बाजेवर बसून म्हणायची, पण हात मोकळा ठेवून तिला ओवी आठवत नसे. उजवी मूठ वळून ती हवेतच खुंटा फिरवायची. मूठ थांबली की ओवी थांबायची. रेकॉर्डिंगमध्ये ती मूठ दिसत नाही; बांगड्यांचा आवाज तेवढा ठरावीक वेळानं येत राहतो.

ओव्या जमवण्याचं हे काम आमच्या कितीतरी आधी फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे. गी पॉइटव्हां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं आवाज डिजिटल टेपवर उतरले, आणि २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हे धन लोकांसमोर मांडते आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे त्यात आहेत. मला त्या संग्रहातली सर्वांत मोलाची गोष्ट ओवीखाली दिसते : गाणारीचं नाव, गाव, तालुका. ओव्या वेचणारे पुष्कळ झाले. पण बहुतेकांनी खाली 'लोकगीत' एवढंच लिहून बाईला मोकळं केलं. ज्या बाईनं पहाटे उठून पायलीभर दळलं, तिला 'लोक' म्हणून सोडून देणं मला तरी चोरीच वाटते.

याबाबतीत गंगाखेडची जनाबाई हुशार. आपण दासी, आपली वही कोण सांभाळणार, हे तिनं ओळखलं असावं की काय कोण जाणे. पण तिनं नाव अभंगाच्या पोटातच ओवून ठेवलं. सातशे वर्षांत कागद बदलले, लिहिणारे हात बदलले, अभंग कुठल्याकुठे गेले, तरी शेवटच्या चरणाशी पोचलं की जनी सापडते.

आमच्या ओव्यांत अशी खूण नव्हती. मग आईला हेडफोन लावून बसवलं. "ही पाथरीची मामी." "ही मामी न्हाई, तिची जाऊ. ही मधीच खोकायली बघ." एका फाईलीत कुकरची शिट्टी होते आणि गाणारी ओवी अर्ध्यावर टाकून, "गॅस बंद कर गं" म्हणते. त्यावरून आईनं ते घर ओळखलं. लांबलेली रेकॉर्डिंग्ज काही ठिकाणी तुटून आली; डिस्कवर त्यांचे तुकडे लांबलांब पडलेले होते आणि ते जुळवायला तक्ता नव्हता. काही आवाज आईलाही लागले नाहीत. ज्यांना लागले असते त्या बाया आता नाहीत.

तुमच्या घरात कुणी गाणारी असेल तर फोन समोर धरल्यावर आधी तिलाच बोलू द्या : नाव, माहेर, सासर, आजची तारीख. ओवी त्यानंतर. एक प्रत घरात ठेवा, एक घराबाहेर. आणि डिस्कनं फॉरमॅट करू का विचारलं, तर नाही म्हणा.