गवतासकट

‘सोंगाड्या’ मी पहिल्यांदा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, मांडीखाली पोतं घेऊन. सिनेमा १९७१ सालचा. आमच्याकडच्या जत्रेत पोचेपर्यंत त्याची रिळं इतकी झिजली होती की दादा कोंडके सगळा वेळ पावसातच नाचतायत असं वाटे. मामांनी नेलं होतं. मामा हसताना आवाज करत नसत, नुसते गदगदा हलत. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला मीही हलत होतो. या सिनेमाबद्दल कुणी काय लिहिलंय, हा प्रश्न आमच्या गावात कुणाला पडलेला नव्हता. पेपर दुपारच्या एसटीने यायचा आणि संध्याकाळी त्यात भजी बांधली जायची.

पुढे शिकायला पुण्यात आलो आणि माझं हसू बिघडलं.

आमच्या हॉस्टेलात सिनेमा पाहण्याआधी त्याच्यावरचं वाचायची पद्धत होती. शुक्रवारी लागलेल्या सिनेमाबद्दल रविवारच्या पुरवणीत जे छापून येई, ते सोमवारी मेसमध्ये आमचं स्वतःचं मत म्हणून बाहेर पडे. दादा कोंडक्यांचं नाव काढलं की ओठ कसे मुडपायचे, हे मी पंधरा दिवसांत शिकलो. तेवढ्यात मामा कसल्याशा कोर्टाच्या तारखेसाठी पुण्यात आले आणि म्हणाले, “चल, पांडू हवालदार लागलाय.” गेलो. सिनेमा मला पाठ होता. हसू कुठे येणार हे आधीच कळत होतं, त्यामुळे ते दाबायलाही सोपं गेलं. मध्यंतरात मामांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली आणि काळजीने विचारलं, “पोट दुखतंय का रं?”

दादांचे ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले, गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पण हा पुरावा मी मामांच्या बाजूने मांडणार नाही. ‘शोले’चं उदाहरणही सगळे असंच देतात: १५ ऑगस्ट १९७५ला लागला, पहिल्या परीक्षणांनी नाकं मुरडली आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. त्यावरून गल्ल्याचा अंदाज चुकला एवढंच ठरतं. मला काय आवडावं याचा निकाल ना गल्ला देतो, ना गिनीज बुक. शिवाय दादांच्या सिनेमाला समीक्षकांनी ठेवलेली निम्मी नावं मला आज पटतात. पुढच्या पुढच्या सिनेमांत तोच विनोद, तेच द्व्यर्थी वाक्य, बाईकडे पाहण्याची तीच तऱ्हा. पण त्या दिवशी शेंगदाणे चावत मी गप्प बसलो होतो, तेव्हा यातलं काहीही मला स्वतःला दिसलेलं नव्हतं. मी नुसतं दुसऱ्याचं तोंड वाकडं करून बसलो होतो.

राजशेखर हा हजारेक वर्षांपूर्वीचा पंडित, महाराष्ट्राशी नातं सांगणाऱ्या यायावर घराण्यातला. त्याने ‘काव्यमीमांसे’त भावकांचे, म्हणजे काव्याचा आस्वाद घेणाऱ्यांचे चार प्रकार केले आहेत. एक अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे पुढ्यात येईल ते गवतासकट खाणारा. तिसरा मत्सरी. आणि चौथा तत्त्वाभिनिवेशी, जो खरोखर मर्म धरतो. तो हजारांत एखादा. ही वर्गवारी वाचली आणि माझी कुंडली कुणीतरी आधीच मांडून ठेवल्यासारखं वाटलं. तंबूत मी गवतासकट खात होतो. पुण्यात येऊन थेट अरोचकी झालो. अरोचक हे तर वैद्यांच्या पोथीत आजाराचं नाव आहे, तोंडाची चव जाण्याचा आजार. मला बढती मिळालीय असं वाटत होतं, प्रत्यक्षात तापाने तोंड कडू झालं होतं.

समीक्षेवर तोंडसुख घेऊन इथे थांबता आलं असतं. पण त्याच पुण्यात, अप्पा बळवंत चौकाजवळच्या पदपथावर, मला एक जुनं पुस्तक मिळालं: वामनराव देशपांडे यांचं ‘घरंदाज गायकी’, १९६१ सालचं. वामनराव व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. दिवसा लोकांचे हिशेब तपासायचे आणि एरवी गाण्याचे. स्वतः ते किराण्याकडेही शिकले आणि मोगूबाई कुर्डीकरांकडे जयपूरची तालीमही त्यांनी घेतली. त्यांची मांडणी अशी की एका टोकाला निखळ सूर आणि दुसऱ्या टोकाला लय धरा. किराणा घराणं सुराच्या टोकाला जाऊन बसतं, आग्रा लयीच्या टोकाला, आणि जयपूर मधे उभं राहून दोन्हींचा तोल सांभाळतं.

तोवर सवाई गंधर्व महोत्सवात माझं एक ठरलेलं होतं. किराण्याचे भीमसेन जोशी गायले की अंगावर काटा यायचा. जयपूरवाले गायला बसले की मी चहाला उठायचो. पेचदार तानांची गुंतवळ वाटायची सगळी. पुस्तक वाचल्यावर जयपूरच्याच मल्लिकार्जुन मन्सूरांची ध्वनिमुद्रिका लावली ती केवळ वामनरावांची परीक्षा घ्यायला. सुराची वाट पाहू नकोस, सूर लयीत कसा विणला जातोय तिकडे कान दे, एवढं माझ्यापुरतं ठरवून बसलो. पहिल्या दोन आवर्तनांत काही झालं नाही. तिसऱ्यात एक तान निघाली, श्वास न मोडता वळणं घेत गेली, आता ही घसरणार असं वाटलं आणि बरोब्बर समेवर येऊन बसली. माझ्या तोंडून आपोआप ‘अहाहा’ गेलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे ते दाद मिरवण्यासाठी नव्हतं हे नक्की.

तेव्हा, दुसऱ्याच्या लिहिण्याने आपल्या आवडीवर परिणाम होऊ द्यावा का? माझ्यावर झाला, आणि तो झाला नसता तर मी अर्धं गाणं चहाच्या टपरीवर घालवलं असतं. वामनरावांनी मला जयपूर श्रेष्ठ म्हणून पटवायचा प्रयत्न केला असता, तर मी मेसमध्ये तेही वाक्य खपवलं असतं. त्यांनी कुठे ऐकायचं ते सांगितलं. पुढचं माझ्या कानांनी केलं किंवा केलं नाही.

‘कोर्ट’ पाहतानाही असंच झालं. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा एका शाहिरावरच्या खटल्याचा, २०१५ साली आपल्याकडे लागलेला. कॅमेरा हलत नाही, लोक येतात जातात, कामकाज चालतं. हे आधी वाचलं नसतं तर मी तिकिटाच्या पैशांवर चरफडलो असतो. वाचलं होतं म्हणून धीराने बसलो. शेवटी न्यायालयाच्या खोलीतले दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. मी उठायच्या बेतात होतो, आणि सिनेमा पुढे सुरू झाला, न्यायाधीशांच्या सहलीवर. मी वाचलेल्या परीक्षणकर्त्याने हे सांगितलं नव्हतं. त्याने मला थांबायला शिकवलं आणि तो अंधार माझ्यासाठी राखून ठेवला. हे सगळ्यांना जमत नाही. (पण मीही आज तुमच्यासाठी तो राखला नाही, याची जाणीव आहे.)

पुरवणीतल्या ताऱ्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नाटकाचं तिकीट चारशे-पाचशे, घरातले चौघे, रिक्षा, मध्यंतरातला बटाटेवडा. असा हिशेब असलेल्या माणसाने तारे मोजून जावं, त्यात गैर काही नाही. बाजारात वांगी दाबून घेतो तसंच ते. पण जेवायला बसल्यावर चव कशी लागली हे वांगी दाबणाऱ्याला विचारू नये.

खरी अडचण चांगल्या समीक्षेचीच आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. ती कान देते, पण दिलेले परत घेत नाही. मामांकडे एका नाट्यपदाची जुनी तबकडी होती. गायकाचं नाव सांगत नाही. लहानपणी ती ऐकून माझे डोळे भरून येत. वामनरावांच्या हाताखालून गेल्यावर ती पुन्हा ऐकली आणि दुसऱ्या कडव्यात लय सुटते हे लख्ख ऐकू आलं. ही अरुची उसनी नव्हती. हा दोष मला माझ्याच कानांनी दाखवला होता, त्यामुळे तो पुसायचीही सोय नव्हती. वाईट परीक्षण विसरता येतं. चांगलं वाचलं की मागचं एखादं सुख कायमचं जातं, आणि त्याची भरपाई नव्या सुखाने होते की नाही याचा ताळेबंद वामनरावांनाही मांडता आला नसता.

मामांच्या शेवटच्या वर्षांत मी त्यांना मुद्दाम केसरबाई केरकरांचं ‘जात कहाँ हो’ ऐकवलं. ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली आहे, हेही सांगितलं. दडपण आणायला म्हणूनच सांगितलं असेल, सवय जात नाही. मामा साडेतीन मिनिटं डोळे मिटून बसले. मग म्हणाले, “गाते झ्याक बाई. आता आपली लाव.”

लावली. दुसऱ्या कडव्यात लय सुटली. मामांची मान डोलत होती आणि मी पहिल्यापासून समेवर हात देत होतो, तोही त्या एका ठिकाणी अर्ध्या मात्रेने उशिरा दिला.