‘नाटकं करते’ म्हणणाऱ्यांना

आमच्या धाकट्या बहिणीच्या आजाराला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे नाव मिळायला सहा वर्षं लागली. त्याआधीची नावं वस्तीत सगळ्यांना पाठ आहेत: नाटकी, आगाऊ, बाहेरचं लागलेली. एका सुशिक्षित बांधवाने तर ‘शिकवून डोक्यावर बसवली’ असं निदान केलं. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही आम्हाला देवऋषीचा पत्ता आला, तो वेगळाच!

फोन उचलायला दहा मिनिटं उशीर झाला की तिच्या लेखी आपण तिला कायमचं सोडलेलं असतं. सकाळी वहिनी आईपेक्षा जवळची, संध्याकाळी वैरीण. राग उतरला की तीच लाजेने दोन-दोन दिवस जेवत नाही. हे ती मुद्दाम करत नाही. भावनेची लाट तिच्यात लवकर उठते, उंच जाते आणि ओसरायला वेळ घेते. म्हणून आम्ही नवरा-बायको आधी तिचं दुःख खरं आहे असं म्हणतो, समजावणं नंतर. आठला येतो म्हटलं की आठलाच घरात असतो. काळजी हे बाईचं फुकटचं काम मानायचं नाही, म्हणून जागरणाच्या रात्रीही वाटून घेतल्या आहेत.

मागच्या वर्षी तिने जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला. रुग्णालयात आम्हाला पोलीस केसची भीती घातली गेली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: अशी व्यक्ती तीव्र तणावात होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचं; तिच्यावर खटला नाही; तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारची. मोबाईलवर कलम दाखवलं तेव्हा सूर बदलला. ज्यांना हे कलम माहीत नाही त्यांनी काय करायचं?

या आजारासाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी उभी केली मार्शा लिनहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी. तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं. त्यातली सजगता त्यांनी झेन साधनेतून घेतली, म्हणजे मुळात बुद्धाचीच. ती आता शहरात तासाच्या फीवर मिळते आणि आमच्या जिल्ह्याच्या ओपीडीत पाच मिनिटांत गोळ्यांची चिठ्ठी.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, हे विहारात आपण मोठ्याने म्हणतो. मनाच्या आजाराचं दुःख निघालं की आवाज का बसतो? टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आम्ही विहाराच्या फळ्यावर लिहिला, कुणीतरी पुसला, पुन्हा लिहिला. जयंतीच्या बैठकीत डीजेच्या पैशातून समुपदेशकाचं मानधन काढावं, असा प्रस्ताव ठेवणार आहोत. विरोध असेल त्यांनी तिथे येऊन बोलावं.