घुमटाखालच्या काकू

मी नगरचा. आदल्या रात्री सोलापूर गाठलं आणि पहाटे चारला आमच्या फोटोग्राफी ग्रुपची गाडी विजापूरकडे निघाली. वाटेत सरांनी दिवसभराचं काम सांगितलं, "गोलघुमटाचा फोटो असा काढा, की बघणाऱ्याला तो केवढा आहे ते कळलं पाहिजे. आकडा लिहायचा नाही."

बाहेरून मी हरलोच. वाइड लेन्समध्ये अख्खी इमारत बसते, पण बसते म्हणूनच लहान होते. बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट माझ्या स्क्रीनवर टेबलावरच्या पेपरवेटएवढा दिसत होता.

आत एकही खांब नाही. एकमेकींत गुंतलेल्या आठ कमानी चौकोनी दालनाला वर वर नेत गोलाकडे आणतात आणि त्यावर घुमट बसतो. १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची खरी कबर तळघरात आहे. चौथऱ्यावर दिसतात त्या त्याच्या नि त्याच्या घरच्यांच्या कबरींच्या प्रतिकृती. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू, निवृत्त शिक्षिका, त्या चौथऱ्याच्या पायरीवर टेकल्या. "गुडघे नाही म्हणतायत रे. तुम्ही जा वर, मी इथंच आहे."

कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याचा अरुंद जिना चढून आम्ही घुमटाच्या पोटातल्या सज्ज्यात शिरलो. शाळांच्या सहली अजून आल्या नव्हत्या. त्या शांततेत मित्राच्या कॅमेऱ्याचं शटर वाजलं आणि तो एवढासा आवाज पुन्हा पुन्हा परत येत राहिला. आम्ही बोलायचेच थांबलो.

कठड्यावरून वाकून पाहिलं. शंभराहून जास्त फूट खाली काकूंची केशरी साडी झेंडूच्या पाकळीएवढी दिसत होती. फोटो तिथे होता! ट्रायपॉड न्यायला परवानगी नव्हती, म्हणून जॅकेटची घडी दगडावर ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला. आयएसओ ३२००, शटर एक अष्टमांश सेकंद. श्वास धरला आणि हळूच म्हणालो, "काकू."

समोरच्या टोकाचा मित्र भिंतीपाशी उभा होता. त्याने तिकडूनच विचारलं, "काय रे?" अगदी कानात बोलल्यासारखं. खाली काकूंनीही मान वर केली, पण हाक कुठल्या बाजूने आली ते त्यांना कळेना. त्या उठून सावकाश गोल फिरत वर पाहत राहिल्या. मी सात-आठ फोटो घेतले.

दुपारी ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्यावर सगळे तुटून पडले. मग मलिक-ए-मैदान. ही तोफ १५४९ साली आमच्या नगरला ओतलेली. फोटो राहू दे म्हटलं आणि दोन्ही तळहात तिच्यावर ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. गावचं माणूस परगावी भेटावं तसं वाटलं. संध्याकाळी इब्राहिम रोजा हा मकबरा. तिथल्या खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अक्षरंच. अक्षरांमधली जागा पोखरून उजेड आत घेतलाय. त्या नक्षीसाठी वेगळा दिवस हवा. आम्हाला जेमतेम तासभर मिळाला, याची हळहळ अजून आहे.

परतताना गाडीत काकूंना तो फोटो दाखवला. "यात मी कुठाय?"

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. चष्मा कपाळावर सारून त्या फोटो मोठा करत गेल्या. दगडी फरशी, चौथरा, पायरी. मग त्यांचं बोट थांबलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या आणि फोटो पुन्हा हळूहळू लहान करत पूर्ण घुमटाखालच्या फरशीपर्यंत घेऊन आल्या.