खापरपणजोबांचा शोध

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक वंशावळ असेल. कोणा हौशी काकांनी कागदाला कागद चिकटवून केलेली, मूळपुरुषापासून निघून वडाच्या पारंब्यांसारखी खाली उतरलेली. तिच्यात नावे असतात, क्वचित सन असतात. त्या नावांच्या माणसांनी पोट कशावर भरले, कोणाचे भले केले आणि कोणाचे वाईट, हे मात्र तिच्यात नसते. श्राद्धाच्या वेळी आपण पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांची नावे उच्चारतो. त्यांच्या पलीकडचा पुरुष स्मरणातून सुटतो आणि कथेत शिरतो; आणि एकदा कथेत शिरला की तो बहुधा थोरच होतो.

आमचे खापरपणजोबा असेच थोर झाले होते. १८३७ साली व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्या सुमाराचा त्यांचा जन्म, आणि १९०१ च्या जानेवारीत राणी वारली त्याच्या थोडे आधी तेही गेले. म्हणून घरात त्यांना ‘राणीच्या अमदानीतले आजोबा’ म्हणत. जबलपुराहून डिंडोरीच्या वाटेने निघाले म्हणजे सुमारे पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरांवर कुंडम लागते. हिरण नदी याच परिसरात उगम पावते आणि पुढे नर्मदेस मिळते. साल आणि मोहाची झाडे, कोदो-कुटकीची शेते, गोंड आणि कोल यांची वस्ती असा हा मुलूख. कुंडमपासून दोन कोस आत असलेल्या एका गावाची मालगुजारी आजोबांकडे होती. ती कशी आली याची कथा आमच्या घरी प्रत्येक नव्या सुनेला सांगण्यात येई. १८९६-९७ च्या दुष्काळात आजोबांनी आपली पेवे उघडली, भुकेल्या गोंडांना फुकट धान्य वाटले, आणि त्या उपकाराखातर गावच्या गोंड ठाकुराने आपण होऊन गाव त्यांच्या पदरात घातले, अशी ती कथा.

ही कथा केवळ करमणुकीची नव्हती. १९५१ साली मध्य प्रदेशातील मालगुजाऱ्या संपल्या, गाव गेले, घरात ओढाताण सुरू झाली. तरी माझे वडील दारी आलेल्याला विन्मुख पाठवीत नसत. “आपण देणाऱ्यांच्या घरातले,” एवढेच ते म्हणत. एका कथेवर एका घराचे वळण उभे होते, असे म्हटले तरी चालेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने घराण्याचा कुलवृत्तांत छापावयाचे मनावर घेतले आणि खापरपणजोबांवर एक पान लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले. कथा पाठ होतीच. परंतु छापील पानाला सन लागतात, आणि ते सन मिळविण्याकरिता मी घराबाहेर पडलो.

इंग्लंडातील माणसाला हे काम त्या मानाने सोपे जाते. तेथे जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १८३७ सालीच सुरू झाली, आणि १८४१ पासूनच्या शिरगणतीत घरोघरच्या माणसांची नावे मिळतात. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनसाहेबांची बरीच हयात आमच्या जबलपुराकडे गेली. त्यांच्या नावाचे स्लीमनाबाद हे गाव आता कटनी जिल्ह्यात आहे. त्यांचे वंशज तेथे येऊन गेले आहेत, आणि येताना पूर्वजाचे चरित्र बरोबरच घेऊन आले असतील. कारण साहेबांनी स्वतः लिहून ठेवले आणि त्यांच्या सरकारने ते जपले. आपल्याकडे १८७२ पासून शिरगणती झाली, आकडे छापले गेले, परंतु घरोघरच्या नावांच्या याद्या टिकल्या नाहीत. मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांची स्थिती, गंमत पाहा, याहून बरी आहे. करारबद्ध मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जहाज असे सगळे सरकारने टिपून घेतले. ती दप्तरे तेथील महात्मा गांधी संस्थेत असून नातू-पणतू त्यांवरून कोकणातले आपले गाव शोधून काढतात. मजूर हा सरकारच्या लेखी माल होता, म्हणून त्याची नोंद झाली. मागे घरी राहिलेल्या त्याच्या भावाची झाली नाही.

तात्पर्य, आपल्याकडे जमीन हलली किंवा माणूस तीर्थाला गेला तरच कागदावर शाई पडे. मी तीर्थापासून आरंभ केला.

१८६७ साली अलाहाबाद ते जबलपूर लोहमार्ग सुरू झाला, आणि आमच्याकडच्या लोकांस प्रयाग जवळ आले. तेथील प्रयागवालांची निशाणे ठरलेली असतात. निशाण ओळखले की आपल्या घराण्याचे उपाध्याय सापडतात. आपण गाव आणि आडनाव सांगावे, आणि त्यांनी लांबट, बाइंडिंग सुटलेली एक बही काढून मांडीवर उलगडावी. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार येथेही हाच क्रम आहे. आपले मूळ कोणत्याही प्रांतातले असो, कोठेतरी अशी एक बही आपली वाट पाहत असण्याचा संभव आहे, आणि ती उघडण्यास जितका उशीर कराल तितकी तिची पाने कमी होतील.

आमच्या आजोबांच्या दोन नोंदी निघाल्या, दोन्ही त्यांच्या स्वतःच्या मोडी अक्षरात. पहिली १८७८ ची. मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले होते; नावापुढे ‘सावकार, मुक्काम जबलपूर’ असे लिहिले आहे. दुसरी १८८९ ची. तीत त्याच अक्षरात, किंचित मोठ्या वळणाने, ‘मालगुजार’.

मी ते दोन सन पुन्हा पाहिले. दुष्काळ १८९६-९७ चा. गाव त्यापूर्वी किमान सात वर्षे आमचे झालेले होते.

कोणाच्याही कथेत फारसे तथ्य नसते असे मानून येथेच थांबता आले असते. परंतु गाव उपकाराने आले नाही, तर कशाने आले हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर जमिनीच्या कागदांत असणार, म्हणून नकलेसाठी अर्ज केला, खेटे घातले, आणि बऱ्याच दिवसांनी जुन्या बंदोबस्ताच्या मिसलींची पाने हाती आली. येथे थोडा खुलासा केला पाहिजे. मराठ्यांच्या अमलात आणि नंतर कंपनीच्याही आरंभीच्या काळात मालगुजार म्हणजे गावचा सारा भरण्याची हमी घेणारा. १८६० नंतरच्या बंदोबस्तात इंग्रज सरकारने या मालगुजारांना गावाचे मालक ठरविले. वरवर पाहता हा लाभच. पण मालकी आली की मागोमाग गहाणखत येते. जे गाव ठाकुराला पूर्वी विकता येत नव्हते ते आता त्याच्याकडून जाऊ शकत होते, आणि मध्य प्रांतात गोंडांची पुष्कळ गावे अशीच गेली. आदिवासींच्या जमिनी परक्याच्या हाती जाण्यास आळा घालणारा कायदा या प्रांतात १९१६ साली झाला; तोवर जावयाचे ते बरेच गेले होते.

आमच्या गावाच्या मिसलीत १८६० नंतरच्या दशकात गोंड ठाकुराचे नाव आहे, त्याच्या बापाच्या नावासह. पुढच्या बंदोबस्तात आजोबांचे आहे. मधल्या जागेत एकच शब्द आहे: गहाण.

उरलेला तपशील आमच्याच माळ्यावर होता. पत्र्याच्या पेटीतल्या खातेवह्या मोडीत असल्यामुळे तीन पिढ्या कोणी उघडल्या नव्हत्या. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी त्या माझ्याबरोबर बसून वाचल्या. ठाकुराचे खाते बियाण्याच्या कोदोपासून सुरू होते, दर सवाई. सवाई हा शब्द ऐकण्यास सौम्य वाटतो. पण हिशेब करून पाहा. शंभर पायल्या उचलल्या तर हंगामानंतर सव्वाशे फेडावयाच्या. पीक बुडाले तर त्या सव्वाशेवर पुन्हा सवाई, म्हणजे एकशे छपन्न. तिसऱ्या वर्षी एकशे पंचाण्णव. तीन वाईट वर्षांत ऋण दुप्पट. त्यात लेकीच्या लग्नाचे रोख रुपये मिळाले, आणि पुढे गहाणखताची नोंद आली. कोठे खाडाखोड नाही, बेरीज चुकलेली नाही. आजोबांनी कायद्याविरुद्ध काही केले नाही, आणि हेच मला सर्वांत अधिक खुपले. खोटेपणा सापडला असता तर निदान त्याला एकट्याचा दोष म्हणून बाजूला ठेवता आले असते.

त्या ठाकुराचे वंशज असतील का? कुंडमच्या आठवडी बाजारात चौकशी केली तेव्हा हे घर शोधावे लागले नाही; ते सर्वांना माहीत होते, अवघड गेले ते मलाच. घरातील वृद्ध बाबांना मी माझे नाव आणि आडनाव सांगितले. ते क्षणभर पाहत राहिले, मग म्हणाले, “बस. बोरीवाल्या पंडिताच्या घरचा ना तू?” धान्याच्या पोत्याला त्या बाजूस बोरी म्हणतात. आमच्या घरी जे ‘राणीच्या अमदानीतले आजोबा’, ते या घरी शंभराहून अधिक वर्षे ‘बोरीवाले’ होते.

गोंडांकडे बही नसते, असे शिकलेले लोक म्हणतात. बही नसेल, पण परधान असतात. ठरावीक वर्षांनी परधान आपल्या यजमानाच्या दारी येतो, तीन तारांचा बाना वाजवितो, बडादेवाचे स्तवन करतो आणि यजमानाच्या पूर्वजांची मालिका गातो. डिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांच्यामुळे ज्या चित्रांचे नाव जगभर झाले, ते चित्रकारही याच परधान समाजातले. बाबांनी मला त्यांच्या परधानाच्या तोंडून घराण्याची मालिका ऐकविली. गढा-मंडल्याच्या राजांपासून, १८५७ च्या १८ सप्टेंबरला जबलपुरात तोफेच्या तोंडी दिलेल्या शंकरशहा आणि रघुनाथशहा या पिता-पुत्रांपर्यंत येऊन ती या घराकडे वळली. मिसलीतली दोन्ही नावे तिच्यात होती. बापाचे आणि मुलाचे, त्याच क्रमाने. सरकारी शाई आणि बान्याची तार यांच्यात एका अक्षराचा फरक पडला नाही. मुलाच्या नावाशी आल्यावर परधान एवढेच म्हणाला की, याने गाव सोडले आणि डोंगरापलीकडे घर बांधले.

मी दुष्काळाविषयी विचारले. आमच्याकडची पेवांची कथा मी सांगितली नव्हती.

“उघडली होती,” बाबा आपण होऊन म्हणाले. “आमच्या आजीने खाल्ले होते त्यातले. पण लिहून मिळत होते. अंगठा घेत.”

घरी परतल्यावर १८९७ ची वही काढली. बाबांचे म्हणणे खरे होते. पानामागून पान कोदो उचलल्याच्या नोंदी, साठ-सत्तर घरांच्या नावांवर, दर तोच. परंतु खात्याची दुसरी बाजू पाहिली तेव्हा आम्ही दोघेही गप्प झालो. नावेची बाजू भरलेली, जमेची बाजू जवळजवळ सगळी कोरी. पुढच्या वर्षीच्या वहीत ही खाती ओढलेलीच नाहीत. ज्या माणसाने ठाकुराची एक पायली सोडली नव्हती त्याने हे सगळे सोडून दिले? की फेडावयास कोणी उरले नव्हते? १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या शेकडा नऊने घटली आणि ६,८०,५८५ वर आली. कुंडमसारख्या डोंगराळ भागात ती कोरी बाजू माफीची आहे की मृत्यूची, हे वहीवरून ठरत नाही. दोन्ही थोडे थोडे असेल असे शिक्षक म्हणाले. मला ते पटते. कारण माणूस एका वर्षी एक आणि दहा वर्षांनी दुसरा असू शकतो.

कुलवृत्तांताच्या पानाचे काय करावयाचे यावर घरात बराच खल झाला. कुलवृत्तांत हा कुळाच्या गौरवासाठी असतो, न्यायनिवाड्यासाठी नव्हे, असे पुतण्याचे मत. त्याच्या म्हणण्यात अगदीच अर्थ नाही असे नाही. मृत माणसाला बाजू मांडता येत नाही. नव्या सुनांना कथा सांगण्याचे काम साठ वर्षे ज्यांनी केले त्या आत्यांना विचारावे असे शेवटी ठरले. त्या नव्वदीच्या आहेत, दृष्टी गेलेली आहे, पण कान तिखट. मी त्यांना सर्व वाचून दाखविले: प्रयागच्या दोन नोंदी, गहाण, सवाईचा हिशेब, कोरी पाने. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

“तू त्यांच्याकडे जेवलास का रे?” त्यांनी विचारले.

“कोदोचा भात आणि डाळ,” मी म्हणालो.

“मग त्यांचे नाव घाल. बापाच्या नावासकट. आमच्या कथेत तो नुसता ‘ठाकूर’ होता.”

पान तसेच लिहिले आहे. गाव कोणत्या मार्गाने आणि कोणत्या वर्षांच्या दरम्यान आले ते सनांसह दिले आहे. १८९७ च्या वहीतील दोन्ही बाजूंचा मजकूर, कोऱ्या बाजूचाही उल्लेख करून, जसा आहे तसा उतरविला आहे. ठाकुराच्या खात्याची नक्कल देवनागरीत करून कुंडमला पोहोचविली. बाबांच्या नातवाने ती मोठ्याने वाचली, आणि बेरजा त्याने स्वतः पुन्हा करून पाहिल्या.