जांब गांवची वाट

गेल्या पौषांत आम्ही जालन्यास गेलों. 'जालना सोने का पालना' अशी या शहराची जुनी ख्याति; हल्लीं पोलादाच्या सळया व बियाणें यांचा तेथें मोठा व्यापार चालतो. आम्हांस मात्र घनसावंगी तालुक्यांतील जांब, म्हणजे समर्थ रामदासांचें जन्मस्थान, पाहावयाचें होतें. बरोबर आमचा पुतण्या होता. तो एका परदेशी कंपनीचें काम संगणकावर करतो. कचेरी अशी त्यास नाहींच. दोन महिने गोव्यांत, तर दोन महिने हिमाचलांत. घरांतील वडील माणसें त्यास 'फिरता गोसावी' म्हणत. आम्हांस, खरें सांगावयाचें तर, त्याचा हेवा वाटे.

मोटारींत तो आपण होऊन बोलूं लागला. मनालीस त्याला तीन दिवस ताप होता. सहकारी रोज पडद्यावर दिसत, "बरं आहे ना?" म्हणून विचारीत, आणि तो "हो" म्हणे. तिसऱ्या रात्रीं त्याच्या मनांत आलें, आपलें कांहीं बरेंवाईट झालें तर लोकांना तें कळेल सकाळच्या बैठकींत आपण दिसलों नाहीं म्हणून! आईस त्यानें कळविलें नव्हतें. "कळवून काय झालं असतं, काका? कपाळावर हात फोनमधून थोडाच येतो?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

जांबेस समर्थांच्या मंदिरांत गर्दी नव्हती. १६०८ सालीं जन्मलेला हा नारायण ठोसर बाराव्या वर्षीं लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेला. बारा वर्षें टाकळीस तप, पुढें बारा वर्षें देशभर भ्रमण. इतक्या वर्षांनीं तो बैरागी दाराशीं आला, तेव्हां राणूबाईंची दृष्टि गेली होती. त्या माउलीनें अंगावरून हात फिरवून मुलास पाहिलें, असें चरित्रकार सांगतात. लहानपणापासून ऐकलेली ही कथा. पण त्या दिवशीं पुतण्या ती ऐकतांना खालीं पाहात होता. जगांत दर सहा माणसांत एकास एकटेपणा ग्रासतो, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ सालीं प्रसिद्ध केलें. तो आंकडा वाचून आम्ही विसरलों होतों. मंदिराच्या पायरीवर तो आठवला.

रात्रीं जालन्याच्या मुक्कामीं त्यानें संगणक उघडला, थोडें काम केलें आणि मिटला. मग आमच्या वहिनींस फोन लावून मनालीच्या तापाची हकीकत सांगितली. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाहीं.

"केव्हां येतोस?" एवढेंच मग ऐकूं आलें.