घट बदलताना

वाहनांच्या धुराची तपासणी करणारी आणि आता दफ्तरी निकामी ठरलेली जुनी यंत्रे अमरावतीत माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात, तेव्हा त्यांतील बहुतेकांचे एकच अंग गतप्राण झालेले असते, आणि ते म्हणजे प्राणवायू मोजणारा सेन्सर. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन ही यंत्रे अवरक्त किरणांच्या शोषणावरून मोजतात, आणि फिल्टर वेळेवर बदलला असेल तर तो भाग वर्षानुवर्षे कुरकुर करीत नाही. प्राणवायूसाठी मात्र एक लहानसा विद्युत्-घट असतो, ज्यातले शिसे प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू संपत जाते. यंत्र वापरा अथवा खोक्यात ठेवा, हवा लागली की ही झीज चालूच. म्हणून असा घट घेताना किमतीच्या आधी उत्पादनाची तारीख पाहावी, हा माझा शिरस्ता आहे.

इंजिनाचे मिश्रण पातळ की जाड हे पाहण्यासाठी एका गॅरेजवाल्या गृहस्थांना असे यंत्र हवे होते. मूळ जातीचा घट मिळेना. मिळाला तो फिगारो या जपानी कंपनीचा केई-50. जुना घट मोकळ्या हवेत साधारण 10 मिलिव्होल्ट देई, हा 47 ते 65 च्या दरम्यान देतो. अर्थात शंभरपट वर्धन करणाऱ्या जुन्या सर्किटात तो जोडताच आकडा वरच्या मर्यादेला जाऊन चिकटणार, हे उघड होते. घटाच्या तोंडाशीच दोन रेझिस्टर लावून दाब विभागण्याची सोपी तजवीज पुष्कळ जण करतात. पण अशा घटातून जितका कमी प्रवाह ओढावा तितके त्याचे मोजमाप सचोटीचे राहते, म्हणून ती मला पसंत नाही. मी ऑप-अँपचा 100 किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर उतरवला आणि त्या जागी 12 किलोओहमचा रेझिस्टर व त्याला जोडून 10 किलोओहमचा प्रीसेट बसवला. वर्धन पाचव्या हिश्श्यावर आल्यामुळे ऑप-अँपचा स्वतःचा दोषही त्याच प्रमाणात घटला, हा लाभ अनायासे पदरात पडला.

इथवरचे काम हिशेबाचे. खरी मेख उष्णतेत होती. जुन्या बोर्डावर तापमानाचा परिणाम सुधारणारा थर्मिस्टर होता, आणि नव्या घटाच्या पोटातही तशीच सोय आहे. दोन्ही राहू दिले असते तर एकाच चौकशीवर दोन अंमलदार नेमल्यासारखे होऊन, सकाळी बरोबर असलेला आकडा वऱ्हाडातल्या वैशाखाच्या दुपारी, पारा 45 अंशांकडे झुकताना, भलतीकडेच गेला असता. म्हणून बोर्डावरचा थर्मिस्टर काढून, 25 अंशांना त्याचा जो रोध असतो तितकाच स्थिर रेझिस्टर तेथे लावला. मूळ रचनाकाराने प्रत्येक भाग कशासाठी नेमला होता हे समजल्याखेरीज सोल्डरिंगची सळई तापवू नये, असे मला वाटते ते अशा प्रसंगांमुळेच.

हा घट दीर्घायुषी खरा, 20 अंशांना दहा वर्षे टिकावा असा. परंतु 20 अंश आमच्याकडे फक्त हिवाळ्यात भेटतात! शिवाय तो मंद आहे: हवेतील बदल पुरता दाखवायला मिनिटभर घेतो. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून लगेच आकड्याकडे पाहणाऱ्या मेकॅनिकला ही प्रतीक्षा जाचते. पण घाई करणाराला चपळ घट घ्यावा लागतो, आणि त्याचे आयुष्य याच्या निम्मेच असते.

यंत्रावर मी ठळक अक्षरांत लिहून दिले की हे प्रमाणपत्रासाठी ग्राह्य नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 अन्वये दाखला देणारे यंत्र मंजूर नमुन्याचेच असावे लागते, आणि एक रेझिस्टर जरी बदलला तरी ते मंजूर नमुन्याचे उरत नाही. हा कायदा मला रास्त वाटतो. दुरुस्ती करणाऱ्याला फेरफाराची मुभा असावी, परंतु त्या फेरफाराच्या आधारे दुसऱ्याला दाखला देण्याची नसावी.

गृहस्थांना शेवटी दोन गोष्टी बजावल्या. आकडा 20.9 वर जुळवायचा तो कूलरपासून दूर, उघड्यावर. कारण कूलरच्या दमट हवेत बाष्पाने प्राणवायूचा काही वाटा बळकावलेला असतो, आणि तेथे जुळवलेले यंत्र कोरड्या हवेत जास्त बोलू लागते. दुसरे असे की हा घट टक्का मोजीत नाही, प्राणवायूचा दाब मोजतो. तेव्हा अमरावतीत जुळवलेले यंत्र चिखलदऱ्याला नेले, तर गावाहून सुमारे पाऊण किलोमीटर उंचावर त्याच स्वच्छ हवेत ते 19 च्या आसपास दाखवील, म्हणून घाट चढून गेल्यावर प्रीसेट पुन्हा जुळवून घ्यावा.